काय काम काढलंत?

ॲन मस्टो यांना सायकलचं पंक्चर काढता येत नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. कारण या बाईंनी वयाच्या ५४ व्या वर्षी एकटीने सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला सुरुवात केली आणि ती पुरीही केली, असं चारचौघांत सांगितलं की त्यातला एक तरी पुरुष हमखास विचारतो, "आणि वाटेत पंक्चर झालं तर?" त्या प्रश्नात कुतूहल कमी आणि आशा जास्त असते.

पंक्चरचं राहू द्या. बाईंचं वजन हवं त्यापेक्षा जास्त होतं. व्यायामाशी फारसा संबंध नव्हता. तंबूत झोपायचा त्यांना तिटकारा होता, सहलीला जाऊन गवतावर बसून खाण्याचाही होता. संध्याकाळी अंग टेकायला धड गादी हवी, ही त्यांची साहसाची कल्पना. शिक्षण केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात, विषय ग्रीक आणि लॅटिन. म्हणजे भर उन्हात चेन उतरली असता उपयोगी पडेल असं त्यात काहीही नाही. आणि हुद्दा म्हणाल तर मुख्याध्यापिका. इंग्लंडच्या सफोक परगण्यात, साउथवोल्ड गावी, सेंट फेलिक्स नावाच्या मुलींच्या शाळेत त्या मोठ्या बाई होत्या.

सगळं सुरू झालं ते मात्र आपल्या देशात. सुट्टीत त्या भारत पाहायला आल्या होत्या. राजस्थानात बसच्या खिडकीतून बाहेर बघताना त्यांना थरच्या वाळवंटातून एक गोरा माणूस एकटाच सायकल हाणत चाललेला दिसला. त्या बसमधल्या इतर कुणाला तो दिसला असेल तर "कुणाचं कोण हे बिचारं" असंच वाटलं असणार. बाईंना हेवा वाटला.

सुट्टीत लागलेली खुळं साधारणपणे परतल्यावर बॅगेतले कपडे धुवायला टाकले की संपतात. गोव्याहून येणारा प्रत्येक माणूस समुद्राकाठी घर घेणार असतो आणि कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत शहाणा होतो. बाईंचं खूळ काही वर्षं टिकलं. १९८७ साली त्यांनी नोकरी सोडली आणि त्या निघाल्या.

निघताना शाळेच्या मुलींनी त्यांना निरोपाची भेट म्हणून कॉन्डॉर कंपनीची सायकल दिली. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकेला शाल, श्रीफळ, चांदीचा मुलामा दिलेली विठ्ठल-रखुमाई आणि "आपलं मार्गदर्शन असंच लाभत राहो" ही इच्छा मिळते, जी खरी निघू नये अशी प्रार्थना नव्या मुख्याध्यापिका मनातल्या मनात करत असतात. मोठ्या बाई शाळेपासून शक्य तितक्या लांब जाव्यात, ही भावना विद्यार्थिनींनी इतक्या सढळ हाताने व्यक्त केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आता थोडं गणित. लंडनहून निघून जगाला वळसा घालून परत येईपर्यंत सायकल चालली सुमारे १२,००० मैल, म्हणजे १९,००० किलोमीटर. वेळ लागला सव्वा वर्ष. दिवसाला सरासरी पडले चाळीस-बेचाळीस किलोमीटर. सामान लादलेली सायकल सपाट रस्त्यावर ताशी पंधराने सहज जाते. म्हणजे रोज तीनेक तास पायडल मारायचं. उरलेल्या वेळात चहा, जेवण, जुन्या इमारती आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं. (मुक्कामाचे दिवस धरून ही सरासरी निघते. घाट चढताना सरासरीचा काडीचा उपयोग होत नाही, हे मी खंबाटकी नुसती मोटारीतून चढूनही सांगू शकते.)

पुण्यात कोथरूडहून हिंजवडीच्या तिसऱ्या फेजला रोज जाऊन येणारा माणूस जवळजवळ तेवढंच अंतर तोडतो. पंधरा वर्षं नोकरी टिकली तर विषुववृत्ताला त्याचे तीनाहून जास्त वेढे होतात, तेही वाकडच्या चौकातून. पण त्याचा कुणी सत्कार करत नाही, त्याच्यावर पुस्तक निघत नाही. कारण तो कामाला जातो. बाई बिनकामाच्या निघाल्या होत्या, आणि खरी भानगड तिथेच आहे.

बिनकामाच्या म्हणजे उगाच नव्हे. ग्रीक-लॅटिन शिकलेल्या बाईला रस्ते इतिहासातून दिसतात. युरोपात त्या रोमन लोकांनी बांधलेल्या रस्त्यांनी गेल्या, पुढे सिकंदराच्या वाटेने, भारतात मोगल आणि इंग्रजांच्या मागून, आणि अमेरिकेत पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतकऱ्यांच्या वाटेवरून, पण उलट्या बाजूने. दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे. मध्य अक्षांशांत वारेही बहुतेक त्याच बाजूने वाहतात, त्यामुळे कधीमधी पाठीवर वारा मिळण्याची शक्यता. घरी येऊन त्यांनी १९९१ साली 'अ बाइक राइड' नावाचं पुस्तक छापलं, आणि मग पुन्हा निघाल्या. दुसऱ्या प्रदक्षिणेत दिशा उलटी, पूर्वेकडून पश्चिमेकडे. शिआनपासूनचा रेशीममार्ग त्यातच आला. वारा समोरून येणार हे ठाऊक असताना केवळ इतिहास त्या बाजूने गेला म्हणून त्या बाजूने जायचं, याला मुख्याध्यापिकाच लागते.

पंक्चरवाल्या गृहस्थांना आता उत्तर देते. पंक्चर काढता न येणं हे युरोपात अपंगत्व असेल, भारतात ती पात्रता आहे. आपल्या कुठल्याही हमरस्त्यावर चार-पाच किलोमीटर ढकलत गेलं की झाडाला टांगलेला जुना टायर आणि त्यावर पांढऱ्या रंगात 'पंक्चर' असं लिहिलेलं दिसतंच. तिथे घमेल्यात पाणी असतं. ट्यूब पाण्यात दाबली की बुडबुडे येतात, आणि बुडबुड्यांबरोबर आसपासची सहा-सात माणसंही येतात. कुणी म्हणतं काटा आहे, कुणी म्हणतं खिळा. व्हॉल्व्हच गेलाय असं म्हणणारा एक असतोच. पॉलिश पेपर घासून, सोल्युशन लावून, पॅच हातोडीने ठोकून होईपर्यंत सायकलच्या मालकिणीला चहा मिळालेला असतो, बसायला खोकं मिळालेलं असतं आणि पुढच्या गावात लॉज कुठला बरा आणि कुठे ढेकूण आहेत हे कळलेलं असतं. जी बाई स्वतःचं पंक्चर स्वतः काढते तिला रस्त्यात कोणी भेटत नाही.

शिवाय बाई मुख्याध्यापिका होत्या हे विसरू नका. एकट्या बाईने रात्री-अपरात्री, परमुलखात, कसं काय, या सगळ्या काळजीत आपण एक गोष्ट धरत नाही. ज्या बाईने काही वर्षं मधल्या सुट्टीनंतरची शाळा जागेवर बसवली आहे, तिला रस्त्यावरचा टवाळ पोरगा हा आठवीतला वाटतो. आणि त्या पोरालाही, का कोण जाणे, तसंच वाटतं. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका एसटीत चढल्या की कंडक्टर न मागता सुट्टे पैसे काढतो. त्यांनी त्याला कधी शिकवलेलं नाही. विशी-तिशीतल्या एकट्या मुलीला जे रस्ते खरोखरच त्रास देतात, ते साठीच्या बाईसमोर शर्टाची बटणं लावतात. वय वाढल्यावर बायकांना मिळणाऱ्या मोजक्या सवलतींपैकी ही एक आहे, आणि एसटीच्या अर्ध्या तिकिटापेक्षा ती मला मोठी वाटते.

तर अडचण वयाची नाही. अंतराचीही नाही, आणि एकटेपणाची तर नाहीच नाही. हे मी आपल्याच बायकांच्या जिवावर म्हणते आहे.

मुलीचं बाळंतपण न्यू जर्सीत निघालं की सांगलीच्या, कराडच्या, परभणीच्या बायका एकट्या निघतात. इंग्रजी येत नाही, विमान पहिलंच, फ्रँकफर्टला बदलायचं. हातात मुलाने मोठ्या अक्षरात लिहून दिलेला कागद, ज्यावर "मला मदत करा" अशा अर्थाचं काहीतरी असतं. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, धुरीसाठी ओवा आणि बाळगुटीचं सामान, ज्यातला एकेक जिन्नस अमेरिकेच्या अधिकाऱ्याला हुंगवून, चाखवून, हातवारे करून सोडवायचा असतो. त्या तो सोडवतात. सहा महिने राहतात, बर्फात बाबागाडी ढकलतात आणि परत येतात. या साडेबारा हजार किलोमीटरच्या एकट्या प्रवासाला आपण साहस म्हणत नाही. "आई गेली होती ना मुलीकडे," एवढं एक वाक्य त्याच्या वाट्याला येतं.

आषाढात आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सत्तरीच्या बायका ते चालत जातात, कित्येकींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असतं. गुडघ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. नर्मदा परिक्रमा तर विचारूच नका. नदी १,३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरायचे, वर वळसे आलेच. नदी ओलांडायची नाही, ती सतत उजव्या हाताला ठेवायची, मिळेल ते खायचं, आश्रमात, देवळात, कुणाच्या पडवीत झोपायचं. शास्त्रोक्त करायची तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. मराठी माणसं ही परिक्रमा मोठ्या संख्येने करतात, त्यांत उतारवयातल्या एकट्या बायकाही असतात. परत आल्यावर त्यातला दर दुसरा माणूस पुस्तक लिहितो, इतका तो रस्ता सुपीक आहे. घरचे लोक सोडायला ओंकारेश्वरपर्यंत जातात, पाया पडतात.

याच बायकांपैकी एखादीने एक दिवस भाजी निवडता निवडता जाहीर करावं, "मी सायकलवरून कन्याकुमारीला जाऊन येते." मग बघा. मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. सून सासूच्या बाजूने असते पण उघड बोलत नाही. दीर "तुमचं सगळं ठीक आहे ना वहिनी?" असं अशा आवाजात विचारतात, की विचारण्याआधी त्यांनी कुणा डॉक्टरांशी बोलून घेतलं आहे हे लक्षात यावं. आणि मग तो प्रश्न येतो: "पण कन्याकुमारीला काम काय आहे?"

काम काही नाही. तेच तर.

नवस असेल तर जा. मुलगी तिथे असेल तर जा. पर्यटन कंपनीबरोबर चाळीस माणसांच्या घोळक्यात, रोज रात्री वरणभात मिळण्याच्या हमीवर, युरोपचे नऊ देश बारा दिवसांत बघायला तर अवश्य जा. त्याला विश्रांती म्हणतात. पण देवाचं नाही, लेकीचं नाही, कुणाच्या पोटापाण्याचं नाही, अशा वाटेने म्हातारी बाई निघाली की तिच्यावर दया येते किंवा संशय. पुरुषाचं तसं नसतं. निवृत्त पुरुष रोज सकाळी बँकेत पासबुक भरायला जातो. त्यालाही काम नसतं हे बँकेला ठाऊक असतं, पण कुणी विचारत नाही.

मग गुडघे पुढे केले जातात. गुडघ्यांचा हा मुद्दा मला फार मजेचा वाटतो, कारण चालताना सगळं वजन गुडघ्यांवर येतं आणि सायकलवर ते बरंचसं सीटवर जातं. म्हणून तर गुडघे दुखणाऱ्या बायकांना डॉक्टर पुष्कळदा व्यायामाची सायकल घ्यायला सांगतात. ती घरात येते. खिडकीपाशी ठेवली जाते. आई तिच्यावर बसून रोज वीस मिनिटं पायडल मारते आणि सगळं घर कौतुक करतं. साठीच्या बाईने सायकल चालवण्याला आपला विरोध अजिबात नाही. फक्त सायकल जागची हलता कामा नये.

डॉक्टरांचं नाव निघालंच आहे तर सांगते. १८९० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत बायका सायकलवर बसू लागल्या, तेव्हा काही डॉक्टरांनी 'सायकलचा चेहरा' नावाचा एक विकार शोधून काढला होता. तोल सांभाळण्याच्या ताणाने म्हणे चेहरा लालबुंद होतो, जबडा आवळला जातो, डोळे बाहेर येतात, आणि बायकांना धोका विशेष. हा चेहरा मी पाहिलेला आहे. दहावीच्या निकालाच्या सकाळी तो प्रत्येक आईला असतो, आणि त्यासाठी तिला कुठेही जावं लागत नाही.

डेर्व्हला मर्फी या आयरिश बाईंची गोष्ट इथे घालणं भाग आहे. दहाव्या वाढदिवसाला त्यांना जुनी सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं, आणि सायकलवरून भारतात जायचं त्यांनी तेव्हाच ठरवलं. गेल्या कधी? १९६३ साली, ३१ व्या वर्षी. मधली वर्षं घरी अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा. आई गेल्यावर निघाल्या, भर हिवाळ्यात, बरोबर पिस्तूल घेऊन. सायकलला असलेले तीन गिअर त्यांनी निघण्याआधी काढून टाकले होते. असल्या रस्त्यांवर ती नाजूक भानगड टिकायची नाही, असा हिशेब. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी चमकदार तंग कपड्यांत जमणाऱ्या आमच्या सायकलपटूंना हे वाक्य वाचवणार नाही. त्यांची सायकल लाखाच्या घरातली, गिअर सत्तावीस, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र, आणि मुक्काम कांदाभजी. (भज्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही.)

मर्फीबाई १९९२ साली, साठी गाठल्यावर, पुन्हा सायकलवर बसून केनियाहून झिम्बाब्वेला गेल्या. म्हणजे आयुष्यातलं काम झालं आणि मग त्या निघाल्या, असं म्हणायचीही सोय नाही. एकदा लागलेली खोड ती.

पुन्हा मस्टोबाईंकडे येते, कारण त्यांनी नंतर जे केलं ते आपल्या लोकांसाठी अगदी मापाचं होतं. काठमांडूहून श्रीलंकेतल्या कँडीपर्यंत त्या रामायणाच्या वाटेने सायकलवरून गेल्या. २००१ साली त्यावर त्यांचं 'टू व्हील्स इन द डस्ट' हे पुस्तक निघालं. भारतात चहाच्या टपरीवर "कुठे निघालात?" या प्रश्नाला "सिकंदर गेला त्या बाजूने" हे उत्तर देऊन बघा. समोरचा माणूस दूध उतू जाऊ देईल. पण "राम गेला त्या वाटेने" म्हटलं की संपलं. पुढचा प्रश्न नाही. गोरी आहे, म्हातारी आहे, एकटी आहे, सायकलवर आहे, पण कामाला निघाली आहे. हा परवाना बाईंनी जाणून घेतला की त्यांच्या इतिहासाच्या हौसेने तो आपोआप हाती दिला, हे मी सांगू शकत नाही. पण रामाचा हिशेब मोठा मजेशीर आहे. तो चौदा वर्षं रानात हिंडला ते वडिलांच्या शब्दासाठी. बिनकामाचा हिंडला असता तर अयोध्येतल्या दिरांनी त्यालाही डॉक्टर दाखवला असता.

२००९ साली, ७६ व्या वर्षी, बाई वारल्या. सीरियातल्या अलेप्पो शहरात. तेव्हाही त्या सायकलच्या प्रवासालाच निघालेल्या होत्या. मागे अनेक पुस्तकं आणि जगाच्या दोन फेऱ्या. शाळेतून निवृत्त झाल्यावरच्या बावीस वर्षांत बाकी कुणी काय काय केलं, त्याची यादी ज्याने त्याने आपापल्या घरी करावी.

तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, मुलीच्या कॉलेजच्या काळातली एक लेडीज सायकल धूळ खात उभी असेल. एखाद्या सकाळी घरातली साठीची बाई तिच्या टायरमध्ये हवा मारताना दिसली, तर पंप धरायला जा. काम काय काढलंत, हे विचारू नका. विचारल्याशिवाय राहवणारच नसेल, तर सायकल कितीला पडली ते विचारा. तो प्रश्न आपल्या रस्त्यांवर प्रत्येक सायकलवाल्याला विचारतात, आणि त्याचा राग आजवर कुणाला आलेला नाही.